लहान मापाची काल्कारी

प्यो माल्सुनच्या नावातल्या ‘माल’चा अर्थ शेवट. तिच्या बापाची चोंगदोला पर्सिमनची बाग होती. बागेतली फळं बिनबियांची, घरात मात्र पोरीवर पोर. चौथ्या खेपेलाही मुलगीच झाली तेव्हा बाप ओसरीवर येऊन म्हणाला, “बस्स. ही शेवटची.” आणि पुन्हा कुणी वाट चुकून या घरी येऊ नये म्हणून त्याने पोरीचं नावच तसं ठेवलं, दाराला पाटी ठोकावी तसं. ती पाटी पुढे कुणी वाचली की नाही, ते सध्या राहू द्या.

पाटी होऊन जन्माला आलेल्या माणसाने एक तर मुकाट लटकत राहावं, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडावं. माल्सुनने भांडण पत्करलं. विशीच्या आत ती देगूच्या कापड गिरणीत आली, मागावर उभी राहिली, मुकादमाशी भांडली आणि त्याच मुकादमाच्या भावाशी, चोंगपालशी, लग्न करून मोकळी झाली. पुढे गिरण्या बसल्या. चोंगपालने टॅक्सी चालवली, मग कंबर धरली म्हणून तीही सोडली. आता तो हिवाळाभर घरातल्या गरम जमिनीवर आडवा पडून बेसबॉलच्या जुन्या मॅचेस बघतो. निकाल ठाऊक असतात, तरी ओरडतो. अंगात सैन्यातली ती बंडी असते, लांब बाह्यांची, कोटाच्या आत घालायची, रजईसारखी टाचलेली, शेवाळी रंगाची. सैन्यात जाऊन आलेला प्रत्येक पुरुष तिला ‘काल्कारी’ म्हणतो आणि मरेपर्यंत अंगावेगळी करत नाही. बायकोने ती धुवायची, उसवली तर शिवायची आणि तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, असा रिवाज.

घर चालतं ते माल्सुनच्या पायांवर. ती पिण्याच्या पाण्याची यंत्रं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. ठरलेल्या घरी जायचं, बूट काढायचे, कमरेत वाकून नमस्कार करायचा, यंत्राची गाळणी बदलायची, समोर आलेली गोड कॉफी प्यायची आणि घरमालकिणीच्या सुनेबद्दलच्या तक्रारी ऐकायच्या. यातलं शेवटचं काम करारात नव्हतं, पण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागे. शाखेत हेच काम करणाऱ्या बायकांमध्ये माल्सुन वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची ओन्नी, थोरली बहीण. थोरलेपण तिला मानवतंही. कुणाच्या घरचं कुत्रं चावतं इथपासून कुणाच्या घरचा नवरा चावरा आहे इथपर्यंत सगळी माहिती तिच्याकडूनच मिळे.

मग कंपनीने नवीन यंत्र काढलं. त्याची गाळणी घरच्या माणसाला स्वतःच बदलता येते. कंपनी टपालाने गाळणी पाठवते, गिऱ्हाईक टचकन बसवतं, संपलं. जाहिरातीतली पोरगी तर एका हाताने गाळणी बसवते आणि दुसऱ्या हाताने मांजर कुरवाळते. बायकांच्या यादीतली घरं एकेक करून गळायला लागली. आता पोटापुरतं काम उरलं होतं ते एकच: कमोडवर बसवायची, पाण्याचा फवारा मारणारी ती विजेची सीट. ती काढणं, धुणं, पुन्हा बसवणं. पण ते काम पुरुष तंत्रज्ञांचं होतं आणि त्यांचा प्रमुख होता बांग. नावच बांग, आणि रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून तो ती देतही असे.

बायकांनी अर्ज केले, बायका मुख्य कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या, बायकांनी साहेब लोकांना पर्सिमन नेऊन दिली. शेवटी वरून निरोप आला: परीक्षा घ्या, पास होतील त्यांना सीटचं काम द्या. बांगने निरोप वाचला आणि त्याला आपली एक अट जोडली.

“परीक्षेत कंपनीने मंजूर केलेलं हत्यारच चालेल. घरचं नाही, नवऱ्याचं नाही, शेजाऱ्याचं नाही.”

ऐकायला ही अट अगदी साधी. पण सीटचे नट असतात कमोडच्या खाली, मागच्या बाजूला, आणि कमोड आणि भिंत यांच्यामध्ये तळहात जेमतेम शिरतो. बायकांच्या पिशवीत मंजूर हत्यार होतं ते वीतभर लांबीचा स्क्रू पाना. तो तिथे फिरवणं म्हणजे मोरीत नांगर धरणं. पुरुषांच्या पेट्यांत आखूड दांड्याचे रॅचेट पाने कधीचे मंजूर होऊन बसले होते.

“मग आम्हालाही रॅचेट मंजूर करा,” माल्सुन म्हणाली.

“करू ना. कुठला हवा तो तुम्हीच निवडा आणि मुख्य कचेरीत कळवा,” बांग म्हणाला. “फक्त नाव नीट सांगा म्हणजे झालं. नाहीतर पुन्हा ते ‘काल्काल हसतं ना, ते द्या’ व्हायचं.”

त्याचे तंत्रज्ञ खिदळले. माल्सुनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

ती गोष्ट जुनी होती. कामाला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिने बांगकडे रॅचेट मागितला होता. नाव ठाऊक नव्हतं. दांडा एका बाजूला फिरवला की तो नट पकडतो, परत आणताना मात्र नुसताच वाजतो, कुणी काल्काल हसावं तसा. आपण खळखळून म्हणतो, तिकडे काल्काल म्हणतात. ती म्हणाली, “ते काल्काल हसतं ना, ते द्या.” झालं. पुढे कितीतरी दिवस ती काल्काल आजुम्मा झाली. आजुम्मा म्हणजे मावशी, पण त्यांच्या तोंडून आली की त्यातली आई निघून जाते आणि नुसता पदर उरतो.

गंमत अशी की हे पुरुष आपसात रॅचेटला ‘काल्कारी’ म्हणत. काल्काल करणारी, ती काल्कारी. म्हणजे माल्सुन बोलली होती ते तेच. पण पुरुषाने म्हटलं की तो धंद्यातला शब्द, आणि बाईने म्हटलं की विनोद. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती चिडली नाही, हट्टाला पेटली. एकेक करून तिने त्यांचे सगळे शब्द उचलले. नळाच्या पान्याला काय म्हणतात, पकडीला काय म्हणतात, आवळून आवळून आटे गेलेल्या बोल्टला कुठली शिवी देतात. आता तिच्या तोंडात ते शब्द असे बसले होते की ओक्रान नावाची तिची मैत्रीण म्हणे, “ओन्नी, तू बोलतेस तेव्हा मला मिशा दिसतात.”

हो, तीच काल्कारी. बंडीलाही तोच शब्द, पान्यालाही तोच. बंडीचं कापड अंगाला खरखरतं, आणि तिकडे खरखरीलाही काल्कालच म्हणतात, म्हणून हे नाव, असं कुणीकुणी सांगतं. माल्सुनच्या डोक्यात मात्र हे दोन शब्द दोन वेगळ्या जागी राहत. एक धुण्याच्या टोपलीत आणि दुसरा हत्यारांच्या पेटीत. त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

निवड करायची म्हणून ती ओक्रानला घेऊन बुकसोंगनोच्या हत्यारगल्लीत गेली. तिथे म्हाताऱ्या गुकचं दुकान. म्हातारा स्टोव्हला पाय शेकत बसला होता. त्याने आधी एक लांब दांड्याचा, चकाकता रॅचेट पुढे केला.

“हा घ्या. पुरुष लोक हाच नेतात.”

“पुरुष लोकांना जागा असते,” माल्सुन म्हणाली. “मला अडचणीतला दाखवा.”

त्याने आखूड काढला. तिने तो मुठीत धरला, डोळे मिटले आणि अंगठ्याने चाचपला.

“झोप लागली का यांना?” म्हाताऱ्याने ओक्रानला विचारलं.

“दिशा बदलायची खिट्टी शोधतेय,” डोळे न उघडता माल्सुन म्हणाली. “कमोडमागे दिसतं काय, कप्पाळ? अंगठ्यालाच कळली पाहिजे. ही फार गुळगुळीत आहे. ओल्या हाताने सटकेल. दुसरा.”

दुसऱ्याची खिट्टी बरी होती, पण दाते जाड. म्हणजे पुढचा दाता धरेपर्यंत दांडा बराच फिरवायला लागणार, आणि फिरवायला जागा हवी. तिसऱ्याचं डोकं मोठं. चौथ्याचे दाते बारीक होते, पण दांडा इतका तोकडा की जोरच लागेना. म्हाताऱ्याचे पाय स्टोव्हवरून कधी खाली आले ते त्यालाही कळलं नाही. मागच्या फळीवरून त्याने तळहातात मावेल असा एक काढला. लहान डोकं, बारीक दाते, दांड्याला किंचित बाक. जरासं मनगट हललं तरी तो पुढचा दाता धरी.

माल्सुनने तो एकदा फिरवला, परत आणला. काल्काल.

“हा पाना नवऱ्यासारखा असतो बघा, आजुम्मा,” म्हातारा खुशीत येऊन म्हणाला. “एका बाजूने काम करतो, दुसऱ्या बाजूने नुसता हसतो.”

“माझा दोन्ही बाजूंनी हसतो,” माल्सुन म्हणाली. “साजांगनिम, तुमचा संडास कुठे आहे?”

“मागे. दाराची कडी जरा उचलून लावा.”

“कडी कशाला? मला पाना लावून बघायचाय.”

दुकानाचा मालक म्हणून तिने त्याला मानाने साजांगनिम म्हटलं होतं, पण तेवढ्या मानावर कुणी आपला संडास परीक्षेला देत नाही. म्हातारा तोंड उघडं ठेवून उभा राहिला. माल्सुन आत गेली, फरशीवर एक कूस टेकून आडवी झाली आणि तिने कमोडच्या मागे हात घातला. आतून आवाज आला. काल्काल, काल्काल. ओक्रान दारात उभी राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत होती, “आत माणूस आहे.”

ती बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर फरशीचा ओला डाग होता आणि चेहरा लग्नघरासारखा.

“हाच,” ती म्हणाली. “आणि तुमच्या सीटचा डावा नट ढिला होता. आवळलाय.”

एवढं झाल्यावर पान्याचे पैसे न देता निघणं शोभलं नसतं. एक नमुना तिने स्वतःसाठी घेतला. म्हाताऱ्याने एका कार्डाच्या पाठीवर पान्याचं पूर्ण नाव, माप आणि कारखान्याचा क्रमांक लिहून दिला. “कचेरीत हे वाचून दाखवा,” तो म्हणाला. “म्हणजे चूक व्हायची नाही.”

तिने कार्ड खिशात घातलं. आणि इथेच तिच्या घोड्याने पेंड खाल्ली. कारण दुसऱ्या दिवशी मुख्य कचेरीत फोन लावायची वेळ आली तेव्हा शाखेत बांग शेजारच्याच टेबलाशी नखं कापत बसला होता. कार्डावरची ती इंग्रजी अक्षरं आणि आकडे अडखळत वाचायचे, शाळेतल्या पोरीसारखे, आणि तेही याच्यासमोर? कसलेला तंत्रज्ञ एकच शब्द बोलतो. तिने कार्ड खिशातच राहू दिलं.

फोनवर खरेदी खात्यातला योम नावाचा तरुण होता, सैन्यातून सुटून नुकताच कंपनीत लागलेला.

“आमच्या शाखेतल्या बायकांना काल्कारी पाहिजे,” माल्सुन बांगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “प्रत्येकीला एक.”

“काल्कारी?” योमचा आवाजच बदलला. “यॉसानिम, खरंच सांगतो, फार चांगला विचार केलात. आम्हाला सैन्यात तिच्याशिवाय एक दिवस निघायचा नाही.”

यॉसानिम, म्हणजे बाईसाहेब. माल्सुनचा ऊर भरून आला. पोरगा सैन्यात गाड्या दुरुस्त करत असणार, तिने ताडलं.

“लहान मापाची हवी. मोठी असली की अडचण होते.”

“बरोबर आहे. बायकांना मोठी ढिली पडते.”

“ढिली तर अजिबात नको. ढिली असली की सगळं मुसळ केरात.”

“आतूनच घालायची ना?”

“म्हणजे काय! आत गेली पाहिजे, म्हणून तर लहान मागतेय.”

“आणि रंग?”

“रंगाचं काय घेऊन बसलात? मळायचीच आहे ती.”

“वा!” योम म्हणाला. “असं कुणी मागतच नाही हो. मी आजच वर पाठवतो.”

माल्सुनने फोन ठेवला आणि बांगकडे पाहिलं. बांग नखं कापायचा थांबला होता. “शब्द बरा लावलात,” त्याला म्हणावं लागलं. त्या रात्री तिने घरी चोंगपालची काल्कारी खुंटीवरून काढून धुवायला टाकली आणि हातातल्या त्या बंडीकडे बघत मनाशी म्हणाली, बघा, आज मी बांगला गप्प केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

परीक्षेच्या आदल्या सकाळी शाखेसमोर गाडी थांबली. खोकी उतरली. खोक्यांच्या मागून खुद्द संचालक उतरले आणि त्यांच्यामागून फोटो काढणारा. भिंतीवर कापडी फलक लागला: ‘उबदार मन, उबदार सेवा’. माल्सुन पहिल्या रांगेत उभी होती. एका रॅचेटसाठी एवढा मोठा माणूस आला म्हणून तिला गहिवरून आलं. उबदार हा शब्द तिला जरा खटकला, पण मोठ्या लोकांचं बोलणं असतंच तसं.

“ही कल्पना आमच्या कचेरीत कुणाला सुचली नाही,” संचालक म्हणाले. “ती सुचली थंडीवाऱ्यात दारोदार फिरणाऱ्या आमच्या भगिनींना. आजपासून काल्कारी तुमच्या सेवासाहित्याचा अधिकृत भाग आहे!”

खोकं उघडलं. आतून शेवाळी रंगाची, रजईसारखी टाचलेली, लहान मापाची बंडी निघाली.

माल्सुनला वाटलं, पायाखालची फरशी उघडावी आणि आपल्याला त्या गुकच्या संडासात नेऊन सोडावं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. संचालकांनी बंडी दोन्ही हातांवर धरून पुढे केली. मोठ्या माणसाने दिलेलं दोन्ही हातांनीच घ्यावं लागतं, आणि वाकून. ती वाकली. वाकलेली असताना तिच्या मनात आलं की आता सरळच होऊ नये.

“यॉसानिमना बोलवत नाहीये,” योम मागून कौतुकाने म्हणाला. “डोळे भरून आलेत त्यांचे.”

खरंच भरले होते. सगळ्यांनी बंड्या चढवल्या, मुठी उगारल्या, ‘फाइटिंग!’, म्हणजे ‘लढू या!’, असा गजर केला आणि फोटो निघाला. त्यात डावीकडे टाळ्या वाजवणारा बांग आहे. तेवढ्या वेळात त्याला सगळा उलगडा झाला होता, हे त्या फोटोत त्याच्या ओठांकडे पाहिलं की कळतं.

संचालकांची गाडी गेल्यावर तो जवळ आला. “मंजूर झालं की तुमचं हत्यार,” तो म्हणाला. “उद्या घेऊन या हं. नट आवळताना थंडी वाजायची नाही.”

सगळ्यांत धाकटी सुल्गी, जिच्या यादीत आता बोटांवर मोजता येतील एवढीच घरं उरली होती, ती नुसती बंडीची चेन वर-खाली करत बसली. ओक्रानने मात्र विचारलंच.

“ओन्नी, कार्ड होतं ना गं तुझ्याकडे?”

“होतं.”

“मग?”

“मग काय? शब्द मिरवायची खाज,” माल्सुन म्हणाली. “मिरवला.”

घरी चोंगपालने तिच्या हातातली बंडी पाहिली, मग स्वतःच्या अंगातली पाहिली आणि कारण विचारलं. तिने सांगितलं. तो आधी बसून हसला, मग पडून हसला. काल्काल, काल्काल. शेजारच्यांनी भिंत ठोकली.

“अहो, आमच्या पोटावर पाय आलाय,” माल्सुन ओरडली. “उद्या नापास झालो तर वसंतात आम्हा सगळ्यांना घरी बसवतील. आणि माझ्यामुळे! हसताय काय?”

चोंगपाल उठून बसला. डोळे पुसले. एवढ्या वर्षांत त्याने तिला रडताना फारसं पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं की त्याला काही सुचत नसे. मग तो काहीही बोले.

“पण चूक कुणाची आहे यात?” तो म्हणाला. “तू मागितलीस काल्कारी. त्यांनी दिली काल्कारी. सैन्यात आमचा हवालदार म्हणायचा, कागदावर जे आहे ते आहे. बूट कागदावर दोन असले की झालं, मग ते दोन्ही डाव्या पायाचे का असेनात.”

“काहीतरीच तुमचं,” माल्सुन नाक पुसत म्हणाली. आणि नाक पुसता पुसता थांबली. “काय म्हणालात? कागदावर काय?”

नवरा दोन्ही बाजूंनी हसत असला तरी क्वचित एखादा दाता धरतो.

परीक्षा तळघरातल्या शिकवण्याच्या खोलीत होती. लाकडी भिंत, तिला खेटून बसवलेला कमोड. बांगचे तंत्रज्ञ कडेला हाताची घडी घालून उभे. भिंतीवर कालचा फोटो चौकटीसकट लागला होता. मुख्य कचेरीने तसं बजावलंच होतं.

“हत्यार दाखवा,” बांग म्हणाला. “मंजूर झालेलं.”

माल्सुन पुढे झाली. “मंजूर काय झालंय, साहेब? एकदा वाचा ना.”

बांगने मंजुरीचा कागद धरला. “काल्कारी. लहान माप. प्रत्येकी एक.”

माल्सुनने खिशातून गुकच्या दुकानातला नमुना काढला आणि तळहातावर धरला. “मग ही काय आहे?”

बांग पुन्हा कागदात बघू लागला. पण कडेला उभा असलेला एक जुना तंत्रज्ञ, सवयीने, पटकन म्हणाला, “काल्कारी.”

“माप?”

“लहान,” तोच म्हणाला, आणि बांगने पाहिल्यावर छताकडे बघू लागला.

“एक आहे ही,” बांग म्हणाला. “कागदावर प्रत्येकी एक म्हटलंय.”

“आहे की प्रत्येकीला,” माल्सुन म्हणाली. मागे रांगेतल्या बायकांनी आपापल्या कोटाच्या चेनी खाली ओढल्या. आत शेवाळी रंगाची एक भिंतच उभी राहिली.

“ही ती काल्कारी नाही!” बांग बंड्यांकडे बोट करून म्हणाला.

“नाही?” माल्सुनने गंभीरपणे फोटोकडे पाहिलं. “म्हणजे संचालकसाहेबांनी चुकीची वाटली म्हणता? तसं वर कळवता का? कळवा. तुम्हीही आहात फोटोत, टाळ्या वाजवताना.”

बांगने फोटोकडे पाहिलं. त्या कंपनीत काय, त्या देशात काय, खालच्या माणसाने वरच्याची चूक दाखवण्यापेक्षा कमोडमागे अख्खं शिरणं सोपं. तो खुर्चीवर बसला.

“करा सुरू,” तो म्हणाला.

एक पाना या हातातून त्या हातात फिरत गेला. सुल्गी आधी गेली. तिचा हात बारीक, तो कमोडच्या मागे अलगद शिरला आणि काल्काल करत नट उतरले, चढले. ओक्रानच्या हातून नट घरंगळून भिंतीखाली गेला. ती त्याच्यामागे आडवी झाली आणि शेवटी त्याला बंडीच्या बाहीने ओढून बाहेर काढलं. वेळ संपता संपता तिने आवळला. बांगने तिच्या नावापुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं, पण सीट हलवून पाहिली तर हलत नव्हती.

शेवटी माल्सुन. ती कुशीवर आडवी झाली, हात घातला, फिरवला. पाना काहीच धरेना. ढिला करायला गेली की नुसता हसला, उलट फिरवला की नट आणखीच आवळला. ओक्रानने आवळून झाल्यावर घाईत खिट्टी तशीच ठेवली होती. मागून कुणीतरी खुदकन हसलं. माल्सुनच्या मनगटात कळ गेली आणि क्षणभर ती पुन्हा पहिल्या हिवाळ्यातली काल्काल आजुम्मा झाली. तिने डोळे मिटले. अंगठा सरकवला. खिट्टी सापडली, ओल्या बोटालाही सापडेल अशी तिनेच निवडलेली. टक. मग जराशा मनगटाने एकेक दाता धरत तिने नट उतरवले, पुन्हा चढवले आणि असे आवळले की सीट तपासायला बांगला दोन्ही हात लावावे लागले.

तो सरळ झाला. पँटला हात पुसले.

“झालात पास,” तो म्हणाला. “सगळ्या. पण ऐकून ठेवा, तुम्हीच शेवटच्या. यापुढे या कामाला बाई घ्यायची नाही, असं मी वर लिहून देणार आहे.”

माल्सुन फरशीवरच बसली होती. बंडीच्या बाहीला पाना पुसत ती वर बघून म्हणाली, “माझा बापही असंच म्हणाला होता. पुन्हा पोरगी नको म्हणून माझं नावच शेवट ठेवलं त्याने.”

“मग?” बांग म्हणाला.

“माझ्यामागे आणखी तिघी आल्या, साहेब.”